ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडी: आधी चार टायरांचा घेर मोजा, मग टायर घ्या

मोहोळच्या अलीकडे उसाच्या फडातून बाहेर पडणाऱ्या एका पाणंदीवर माझ्या गाडीच्या मागच्या डाव्या टायरची बाजू दगडाने चिरली. पाऊस नुकताच सरला होता, काळी माती अजून चिकट होती, आणि गाडी ऑल-व्हील-ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणारी, आहे म्हणूनच मी ती तिथं घातली होती. बाजूला चीर पडलेल्या टायरचं पंक्चर निघत नाही, तो टायर गेलाच. स्टेपनी लावून सोलापूर गाठेपर्यंत रात्रीचे नऊ वाजले. माझा साईज २३५/६५ आर १७. दुकानात तो नव्हता, २४५/६५ आर १७ होता. ‘बसतंय की ओ साहेब. रिम सतराचीच हाय, दहाचाच फरक. काय होत नाही.’ दुसऱ्या दिवशी हैदराबादला जायचं होतं. मी बसवून घेतला.

तीन महिन्यांनी होटगी रोडवर एका पार्किंगमधून स्टिअरिंग पूर्ण तोडून गाडी बाहेर काढत होतो, तर मागून कट-कट असा आवाज आला आणि कुणीतरी गाडी मागे ओढून धरल्यासारखं वाटलं. मिस्त्रींनी मागच्या कपलिंगचं, म्हणजे मागच्या चाकांकडे ताकद जोडणाऱ्या भागाचं, ऑइल काढलं. काळंकुट्ट, आणि वास जळका. त्यांनी दुसरं काही खोललं नाही. खिशातून खडू काढला आणि म्हणाले, आधी टायर बघू.

त्या खडूने जे दाखवलं ते मला आधी माहीत असतं तर बराच खर्च आणि मनस्ताप वाचला असता. आता ओळखीत कुणी अशी गाडी घेतली की मी हेच सगळं सांगत बसतो, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतोय.

टायर बाहेर, झीज आत

गाडी वळते तेव्हा चारही चाकं वेगवेगळं अंतर कापतात. डाव्या-उजव्या चाकांतला फरक डिफरन्शियल सांभाळतं. साध्या गाडीत पुढच्या आणि मागच्या जोडीचा एकमेकींशी काही संबंध नसतो, एका जोडीला इंजिन जोडलेलं असतं आणि दुसरी नुसती फिरते. ऑल-व्हील-ड्राइव्हमध्ये मात्र पुढून मागे शाफ्ट जातो. पुढची जोडी आणि मागची जोडी यांच्या फेऱ्यांत फरक पडला तर तो पचवायला मध्ये काहीतरी लागतं. आपल्याकडच्या बहुतेक अशा एसयूव्हींत हे काम कपलिंगमधला एक क्लच करतो. क्लच म्हणजे तेलात बुडालेल्या पातळ प्लेटांची चळत. पुढची चाकं घसरायला लागली की गाडीचा संगणक या प्लेटा एकमेकींवर दाबतो आणि ताकद मागे जाते. एरवी सरळ रस्त्यावर त्या बऱ्यापैकी सैल असतात.

आता माझ्या गाडीचा हिशेब बघा. २३५/६५ आर १७ या नव्या टायरचा व्यास ७३७ मिमी. माझे उरलेले तीन टायर ८ मिमी खोल नक्षीवरून ४ मिमीवर आले होते, म्हणजे व्यास ७२९ मिमी आणि घेर सुमारे २,२९१ मिमी. नवा २४५/६५ आर १७ व्यासाने ७५० मिमी, घेराने सुमारे २,३५७ मिमी. एका फेरीत ६६ मिमीचा फरक. जुने टायर किलोमीटरला ४३६ फेऱ्या घेणार, नवा ४२४. दर किलोमीटरला १२ फेऱ्या, आणि पुण्यापर्यंतच्या अडीचशे किलोमीटरला तीन हजार.

एकच चाक वेगळं असेल तर डिफरन्शियल डाव्या-उजव्याची सरासरी काढतं, म्हणून शाफ्टपर्यंत या फरकाचा निम्मा भाग पोचतो. निम्माही फार झाला. मागचं एक चाक मोठं झाल्यामुळे संगणकाला असं दिसतं की पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त फिरताहेत. पुढची चाकं चिखलात घसरतात तेव्हा त्याला नेमकं हेच दिसतं. थोड्या फरकाशी तो जुळवून घेतो. फरक त्या पलीकडे गेला की कोरड्या हायवेवरही तो प्लेटा दाबायला लागतो, आणि घसरणाऱ्या प्लेटा दाबल्या की उष्णता तयार होते. वळणावरचा फरक दोन-चार सेकंदांचा असतो, तेवढं सोसायला हा क्लच घडवलेला आहे. सोलापूर ते हैदराबाद तीनशे किलोमीटर सलग घासायला नाही.

तुमची गाडी कुठल्या पद्धतीची?

फोर-बाय-फोर हा शब्द आपण सरसकट वापरतो, पण इथं भेद करावाच लागतो. डस्टर, एक्सयूव्ही ५००, एक्सयूव्ही ७००, कंपास, ट्युसॉन, ग्रँड विटारा यांची चारही चाकांना ताकद देणारी मॉडेलं बहुतांशी आपोआप काम करणाऱ्या क्लचवर चालतात. या गाड्यांत टायरचा फरक तुम्ही झोपेत असल्यासारखा, काही न सांगता नुकसान करतो. हा लेख मुख्यतः यांच्यासाठी आहे.

थार, जिम्नी, गुरखा, फॉर्च्युनर, स्कॉर्पिओ-एन यांच्या फोर-बाय-फोरमध्ये लिव्हर किंवा नॉब असतो. टू-एचमध्ये गाडी मागच्या दोन चाकांवर चालते आणि पुढच्या-मागच्याचं नातं तुटलेलं असतं. तिथं टायरांत थोडा फरक असला तरी ट्रान्सफर केसला, म्हणजे ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या डब्याला, त्रास नाही. पण फोर-एच टाकलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधला जातो, मध्ये ना क्लच ना डिफरन्शियल. चारही टायर एकसारखे असले तरी कोरड्या डांबरावर फोर-एच लावू नये असं या गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये म्हणूनच असतं. टायर विषम असतील तर शाफ्टमध्ये पीळ भरत जातो, कधी कधी लिव्हर परत टू-एचला येतही नाही.

कीया ईव्ही६ किंवा हॅरियर ईव्हीच्या दोन मोटरींच्या मॉडेलमध्ये पुढून मागे शाफ्टच नाही, दोन्ही मोटरी आपापल्या. तिथं क्लच जळायचा प्रश्न येत नाही, पण एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल चाकांच्या फेऱ्या मोजूनच चालतात, तेव्हा त्यांचा गोंधळ व्हायला नको.

टायरवरचा आकडा काय सांगतो

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतो. साईज आणि हवेचा दाब त्यावरून घ्या. टायरवर जे लिहिलंय ते आधीच्या मालकाने बसवलेलं असू शकतं, जुनी गाडी घेतलेल्यांनी हे नक्की ताडून बघावं.

२३५/६५ आर १७ म्हणजे रुंदी २३५ मिमी, बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के, रिम १७ इंची. व्यास काढायचा तर २३५ चे ६५ टक्के, त्याची दुप्पट, अधिक १७ गुणिले २५.४. उत्तर ७३७.३. मोबाईलवर अर्ध्या मिनिटाचं काम आहे. दुकानात उभं राहून हे करायला लाजू नका.

गंमत अशी की आकडे वेगळे असूनही उंची एक असू शकते. २३५/६० आर १८ चा व्यास ७३९ मिमी येतो, १७ इंची टायरपेक्षा जेमतेम २ मिमी जास्त. म्हणूनच एकाच गाडीच्या खालच्या मॉडेलला १७ आणि वरच्याला १८ इंची चाकं देता येतात. बीएमडब्ल्यू एक्स५ ला तर कंपनीच पुढे २७५/४५ आर २० आणि मागे ३०५/४० आर २० अशी वेगळी मापं देते, पण दोघांच्या व्यासात साडेतीन मिमीचाच फरक. रुंदी वेगळी चालते, घेर जुळावा लागतो. आणि उलटंही खरं आहे. आकडे तंतोतंत एक असूनही घेर वेगळा असू शकतो. एका कंपनीचा २३५/६५ आर १७ आणि दुसऱ्या कंपनीचा तोच साईज शेजारी उभे केले तर काही मिमीचा फरक सहज निघतो. एकाच कंपनीच्या हायवेच्या आणि चिखलाच्या नक्षीतही निघतो. त्यामुळे ‘साईज सेम हाय’ एवढ्यावर समाधान मानू नका.

पुढचा १०४ एच वगैरे आकडा भार आणि वेगाचा. १०४ म्हणजे एका टायरवर ९०० किलो, एच म्हणजे २१० किमीपर्यंतचा वेग. स्टिकर किंवा मॅन्युअलमध्ये दिलाय त्याच्या खाली जाऊ नका. शेवटचे चार आकडे जन्मतारखेचे: २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा.

मोजमाप: खडू, गेज आणि एक सकाळ

हे काम घरी होतं. लागतो तो नक्षी मोजायचा गेज, जो दोन-तीनशे रुपयांत मिळतो, हवेचा मीटर, खडू, स्टीलचा टेप आणि गाडी ढकलायला तीन माणसं.

वेळ पहाटेचीच धरा. गाडी रात्रभर उभी असली पाहिजे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये सात-साडेसातलाच ऊन चढतं, आणि उन्हाच्या बाजूचे दोन टायर सावलीतल्या दोघांपेक्षा तापतात. साधारण साडेपाच-सहा अंशांना १ पीएसआय हवा चढते. एका बाजूला ३३ आणि दुसऱ्या बाजूला ३५ दाखवलं तर तो फरक टायरचा नाही, उन्हाचा. थंड गाडीत चारही टायरांत स्टिकरवर दिलेली हवा भरा. पुढे-मागे वेगळी हवा सांगितली असेल तर मोजमापापुरती चारहींत सारखी करा, नंतर परत मूळ आकड्यावर आणा. कमी हवेचा टायर दबून किंचित जास्त फिरतो, आणि तेवढ्यानेही मोजमाप बिघडतं.

मग गेज. नक्षीच्या मुख्य खाचांत अडकलेले खडे आधी काढा, पाणंदीवरून आलेल्या गाडीत ते असतातच. प्रत्येक टायरच्या आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या खाचेत मोजा, आणि हे घेरावर तीन ठिकाणी करा. खाचेच्या तळाशी मधूनमधून छोटे उंचवटे असतात, त्यांवर गेज टेकवू नका. ती झिजेची खूण आहे, १.६ मिमी उंचीची. नक्षी तिथवर उतरली की टायर कायद्यानेही बाद. नवा टायर साधारण ८ मिमीचा असतो. आलेले आकडे वहीत लिहा. एकाच टायरवर आत ३ आणि बाहेर ५ येत असेल तर आधी अलाइनमेंटचं दुखणं आहे, नवा टायर टाकलात तर तोही तसाच झिजेल.

नक्षीतला फरक घेरात कसा बदलतो हे लक्षात ठेवा. १ मिमी झीज म्हणजे व्यासात २ मिमी आणि घेरात सव्वासहा मिमी. २ मिमी म्हणजे घेरात साडेबारा.

चाक उतरवलेलं असेल तर घेर थेटही मोजता येतो. मी पहिल्यांदा घरातला शिलाईचा टेप घेऊन गेलो. युनिफॉर्म शिवणाऱ्या आपल्या गावात तो कुणाकडेही मिळतो, पण असतो ६० इंचांचा, दीड मीटर. इथं सव्वादोन मीटरच्या वर लागतं. सुतळी ताणली जाते, ती नको. टॉवेलचे गठ्ठे आवळायला कारखान्यांत जी प्लास्टिकची पट्टी वापरतात ती उत्तम. ताणली जात नाही आणि टायरच्या बरोबर मधोमध सपाट बसते. गुंडाळा, टोक जिथं येतं तिथं पेनाने रेघ मारा, आणि जमिनीवर पसरून स्टील टेपने मोजा.

आता खडूची परीक्षा, जी त्या दिवशी मिस्त्रींनी केली. जागा सपाट आणि सरळ हवी, तीसेक मीटरची. अक्कलकोट रोड एमआयडीसीत पहाटे असे रिकामे रस्ते मिळतात. स्टिअरिंग सरळ, इंजिन बंद, पण चावी ऑन, नाहीतर स्टिअरिंग लॉक होईल. गिअर न्यूट्रल. इंजिन चालू ठेवून पहिल्या गिअरवर सरकवू नका, कारण गाडी जागेवरून हलताना काही संगणक आधीच प्लेटा दाबून ठेवतात आणि मग चारही चाकं जबरदस्तीने सारखी फिरतात, फरक लपतो. इंजिन बंद असल्याने दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेक जड होतो. उतारावर ही परीक्षा अजिबात करू नका, आणि एक माणूस ब्रेकवर पाय ठेवून आत बसलेलाच हवा.

चारही टायरांवर, जिथं रबर जमिनीला टेकतं तिथून रिमपर्यंत, खडूने सरळ उभी रेघ ओढा. पुढचा डावा टायर हा आपला मापदंड. गाडी हळूहळू ढकला आणि त्याची रेघ किती वेळा खाली येते ते मोजा. दहाव्यांदा ती बरोबर खाली आली की थांबा. तेवढ्यात गाडी २३ मीटर गेलेली असेल. आता बाकीच्या तीन टायरांच्या रेघा बघा. एखादी खाली पोचायची राहिलेली असेल तर तो टायर मोठा. खाली येऊन पुढे निघून गेली असेल तर लहान. रेघ आणि जमीन यांच्यातलं अंतर टायरच्या वळणावरून टेपने मोजा.

मागचा उजवा माझ्या पुढच्या टायरांच्या बरोबरीने आला, दोन बोटांचा फरक. नवा डावा मात्र खाली यायला सुमारे साठ सेंमी कमी पडत होता. त्याची रेघ रिमच्या बरोबरीने आडवी होती, चक्क घड्याळातल्या नऊच्या काट्यासारखी. गणिताने आलेले ६६ मिमी पटत नव्हते त्यालाही हे दिसल्यावर शंका उरत नाही. मिस्त्रींनी नुसतं बोट दाखवलं.

आकडा हातात आला. आता?

शेवटचा शब्द तुमच्या गाडीच्या मॅन्युअलचा. टायर बदलण्याच्या प्रकरणात फरकाची मर्यादा दिली असेल तर तीच पाळा. सुबारू ही कंपनी भारतात गाड्या विकत नाही, पण तिच्या जवळपास सगळ्या गाड्या ऑल-व्हील-ड्राइव्ह असल्याने या बाबतीत तिचा शब्द जगभर मानतात. तिची मर्यादा कडक आहे: चारही टायरांच्या घेरात पाव इंचाच्या आत फरक, म्हणजे सुमारे ६ मिमी. नक्षीत १ मिमी. काही कंपन्या याहून सैल मर्यादा देतात.

मी स्वतःसाठी असं ठरवलंय. खडूच्या परीक्षेत दहा फेऱ्यांत ६ सेंमीपर्यंत फरक असेल तर निर्धास्त. ६ ते १२ सेंमी असेल तर मॅन्युअल बघायचं आणि टायर पुढे-मागे फिरवून फरक कमी होतो का ते पाहायचं. त्याहून जास्त असेल तर तशा टायरांवर हायवेला जायचं नाही. गेजच्या भाषेत, सर्वांत नव्या आणि सर्वांत झिजलेल्या टायरच्या नक्षीत २ मिमीपेक्षा जास्त अंतर पडू द्यायचं नाही.

एकच टायर गेला तर

सगळ्यात जास्त चुका इथं होतात, आणि त्या चांगल्या हेतूने होतात. ‘जोडीने बदला’ हा सल्ला दोन चाकांवर चालणाऱ्या गाडीसाठी अगदी बरोबर आहे. ऑल-व्हील-ड्राइव्हमध्ये मात्र मागे दोन नवे आणि पुढे दोन जुने टाकले तर पुढच्या-मागच्या जोडीतला फरक निम्मा होत नाही, अख्खाच्या अख्खा क्लचवर जातो. एकच टायर वेगळा असण्यापेक्षाही हे त्याला जास्त जड पडू शकतं.

उरलेल्या तिघांची नक्षी ६ मिमीच्या वर असेल तर त्याच कंपनीचा, त्याच नक्षीचा एक नवा टायर घ्या आणि काम भागवा. टायर अर्धे झिजलेले असतील तर आधी स्टेपनी बघा. स्टेपनी पूर्ण मापाची असेल आणि तुम्ही ती फिरवाफिरवीत धरत आला असाल, तर तुमच्याकडे जुळणारा पाचवा टायर आधीच आहे. हीच गोष्ट मी आधी केली नव्हती. माझी स्टेपनी कोरी, ८ मिमीची, डिकीखाली धूळ खात होती.

तिसरा मार्ग वापरलेल्या टायरचा. बरेच लोक पूर्ण सेट बदलतात आणि त्यांचे ४-५ मिमी नक्षीचे टायर दुकानात पडून असतात. तुमच्याच कंपनीचा, नक्षीचा आणि तुमच्या झिजेच्या एक मिमीच्या आतला मिळाला तर घ्यायला हरकत नाही, पण रिमवरून उतरवलेला, आतून हात फिरवून बघता येईल असाच घ्या. बाजूला आतून पॅच असेल, फुगा असेल, कडेची तार दिसत असेल किंवा तारखेवरून पाच वर्षांपेक्षा जुना असेल तर नको. रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवं रबर चढवलेले टायर तर अशा गाडीला कधीच नको, कारण त्यांचा घेर एकमेकांशीही जुळेलच असं नाही.

परदेशात नवा टायर खास मशीनवर घासून जुन्यांच्या मापाचा करून देतात. इथं कुणी ग्राइंडर लावून तसं करून देतो म्हणाला तर तिथून निघा.

यांपैकी काहीच जमलं नाही तर चारही टायर. खर्च जड आहे, मला माहीत आहे, मीही तो केलाय. जुन्यांतला सर्वांत चांगला पूर्ण मापाची स्टेपनी म्हणून ठेवा आणि बाकीचे दोन विका.

दुकानात

जायच्या आधी फोन करा आणि पूर्ण साईज, कंपनी, नक्षीचं नाव सांगा. आपल्याकडे स्कॉर्पिओच्या मापाचे टायर ढिगाने असतात, बाकी काही मापं पुण्याहून मागवावी लागतात आणि एक-दोन दिवस जातात. ते दोन दिवस थांबा. मी थांबलो नाही, हैदराबादला गाडीऐवजी रेल्वेने गेलो असतो तर सगळं टळलं असतं.

टायर रिमवर चढवण्याच्या आधी चारही समोर ठेवून घ्या आणि साईज, नक्षी, भाराचा आकडा, तारीख स्वतः वाचा. तारखा एकमेकींच्या जवळच्या हव्यात. फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर तो बरोबर बसला का ते बघा. बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट त्याच दिवशी. दुकानदार ‘काय होत नाही’ म्हणाला तर भांडू नका, त्याच्याकडे येणाऱ्या शंभरांतल्या बहुतेक गाड्या दोन चाकांवर चालणाऱ्या असतात आणि त्यांच्या बाबतीत तो फार चुकत नाही. तुमची गाडी वेगळी आहे हे तुम्ही सांगायचं.

रस्त्यात स्टेपनी लावावी लागली तर

आधी स्टेपनीवरचा साईज वाचा, आणि हे आज घरीच करा, रात्री टेंभुर्णीजवळ अंधारात नको. खाली १७ किंवा १८ इंची अलॉय असलेल्या कित्येक गाड्यांना स्टेपनी लहान लोखंडी रिमची किंवा बारीक तात्पुरती मिळते. तिच्यावर वेगाची मर्यादा छापलेली असते, बहुधा ताशी ८० किमी. ती फक्त जवळच्या दुकानापर्यंत पोचायला आहे. पुढे लावायची की मागे, हे मॅन्युअल सांगतं. डस्टरसारखा नॉब असेल तर तो टूडब्ल्यूडीवर, म्हणजे दोनच चाकांवर, ठेवा. लॉकचं बटण असेल तर त्याला हात लावू नका. थार-जिम्नीवाल्यांनी टू-एच. आणि गाडी उचलून न्यायची वेळ आली तर चारही चाकं वर राहतील अशी सपाट गाडीच मागवा. दोन चाकं जमिनीवर फिरत ठेवून ओढली तर आतलं नुकसान तिथंच होतं.

विषम टायरांवर आधीच बरीच गाडी चालवली असेल तर

मोकळ्या, कोरड्या जागी स्टिअरिंग पूर्ण तोडून सावकाश एक वर्तुळ घ्या. मागून अडखळल्यासारखं, कट-कट किंवा चाकं फरफटल्यासारखं वाटलं तर गाडी मिस्त्रींकडे न्या. डॅशबोर्डवर एडब्ल्यूडी (ऑल-व्हील-ड्राइव्ह) किंवा ईएसपीचा (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागत असेल, लांबच्या प्रवासानंतर मागून गरम तेलाचा वास येत असेल, वेगाबरोबर वाढणारी घूं-घूं ऐकू येत असेल तरीही.

तीन ठिकाणचं तेल बघायला सांगा: पुढे गिअरबॉक्सला लागून असलेला, ताकद मागे वळवणारा डबा, मागचं कपलिंग आणि मागचं डिफरन्शियल. पुढच्या डब्यात तेल थोडंसंच असतं आणि शेजारून सायलेन्सरचा गरम पाईप जातो, त्यामुळे ते सगळ्यात आधी जळतं. बऱ्याच सर्व्हिसिंगमध्ये या तिन्हींना कुणी हातही लावत नाही. तेल काढताना तुम्ही जवळ उभे राहा. प्लगच्या लोहचुंबकावर काळा मऊ थर असेल तर ती नेहमीची झीज. बोटावर घासून चमकणारे धातूचे तुकडे दिसले तर आत मोठं काम आहे. तेल कंपनीने सांगितलेलंच भरायचं, कपलिंगचं तेल साध्या गिअर ऑइलपेक्षा वेगळं असतं. माझ्या प्लेटा वाचल्या. नवं तेल आणि चार टायर यांवर भागलं.

पुन्हा ही वेळ येऊ नये म्हणून

अशा गाड्यांत बहुतेक ताकद पुढून जाते, म्हणून पुढचे टायर आधी झिजतात. दर ८,००० ते १०,००० किमीला टायर फिरवा, पद्धत मॅन्युअलमधली. बाणाचे टायर असतील तर त्याच बाजूला पुढचा मागे आणि मागचा पुढे. पूर्ण मापाची स्टेपनी असेल तर पाचही फिरवा.

शेताकडे जाणं-येणं असेल तर वेड्या बाभळीच्या काट्यांकडे लक्ष ठेवा. काटा आत मोडून राहतो, हवा एकदम जात नाही, आठवड्याला चार-पाच पीएसआय करत जाते. तोवर तो एक टायर दबून चालतो आणि कडेने झिजतो. नान्नजकडच्या माळावरून आलो की मी दुसऱ्या सकाळी चारही टायरांची हवा बघतो, कितीही घाई असली तरी.

गाडीच्या खणात एक छोटी वही आहे. किलोमीटर, तारीख, चार आकडे. शेवटची नोंद अशी: पुढचे ५.६ आणि ५.५, मागचे ६.४ आणि ६.३, स्टेपनी ६.०. आणखी दोन हजार किलोमीटर झाले की मागचे पुढे जातील.